एटीएमच्या रांगेतलं युद्ध: छोट्या देशांना लष्करी आघाडी नेमकी कुठे कामाला येते?

मे २०२५ चा दुसरा आठवडा. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाचा मेसेज आला, की आता दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार, पैसे काढून ठेवा. खाली 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे असं काही आलं की सगळे मलाच टॅग करतात. मी उत्तर टाइप करून पाठवलं, तोपर्यंत मामा गारखेड्यातल्या एटीएमसमोर रांगेत उभा होता. त्याच्या पुढे पंधरा-वीस माणसं होती.

एटीएम बंद होणार ही बातमी खोटी होती. पीआयबीच्या फॅक्ट चेकने ती लगेच खोडून काढली. त्याच दिवसांत आणखी एक दावा फिरत होता, की पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीज यंत्रणा बंद पडली. तोही खोटाच निघाला. पण रांग खरी होती. छत्रपती संभाजीनगरवर एकही ड्रोन आलं नव्हतं, तरी माझा मामा घाबरून घराबाहेर पडला होता. ज्याने कोणी ती अफवा सोडली, त्याचं काम झालं होतं.

याला हायब्रिड वॉरफेअर म्हणतात. मराठीत संकरित युद्ध. आज आपण एक प्रश्न समजून घेऊ. भारतासारखा मोठा देश हे धक्के पचवू शकतो, पण ज्याची लोकसंख्याच एखाद्या शहराएवढी आहे, अशा देशाने काय करायचं? आणि 'नाटो'सारखी लष्करी आघाडी इथे काही कामाची आहे का? कारण अफवेवर तर रणगाडा चालवता येत नाही.

संकरित युद्ध म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, युद्ध जाहीर न करता समोरच्या देशाला जेरीस आणणं. त्यासाठी सर्व्हर पाडायचे, समुद्राखालची केबल तोडायची, वीज किंवा गॅस अडवायचा, खोटे व्हिडिओ पसरवायचे, देशातल्या दोन समाजांत आधीच असलेली तेढ वाढवायची. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर अपघात, गुन्हा किंवा टवाळखोरी वाटते. सगळ्या एकत्र पाहिल्या की चित्र दिसतं.

यात एक नियम मात्र पक्का असतो. हल्ला इतका मोठा करायचा नाही, की समोरचा त्याला 'युद्ध' म्हणू शकेल. आणि इतका स्पष्टही करायचा नाही, की तो तुमचं नाव घेऊ शकेल. गल्लीत कोणी रोज रात्री तुमच्या गाडीची हवा सोडतं, पण कोण ते दिसत नाही. पोलिसांत गेलात तर 'पुरावा आणा'. गप्प बसलात तर उद्या परत टायर बसलेला. तसंच आहे हे.

म्हणून या युद्धातला सगळ्यात अवघड प्रश्न 'प्रत्युत्तर कसं द्यायचं' हा नंतर येतो. त्याआधी 'हे केलं कोणी?' याचं उत्तर लागतं. तांत्रिक भाषेत याला ॲट्रिब्यूशन म्हणतात. हा प्रश्न किती अवघड आहे, ते आपण महाराष्ट्रातच पाहिलंय.

१२ ऑक्टोबर २०२०: मुंबईची लाइट गेली

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आजूबाजूच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली. कोविडचा काळ होता. काही भागांत दोन-अडीच तासांत वीज आली, काही ठिकाणी संध्याकाळ उलटून गेली.

साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन सायबर कंपनीचा अहवाल आला. चीनशी जोडलेल्या 'रेडएको' नावाच्या गटाने भारतातल्या वीज क्षेत्रातल्या १० संस्थांना लक्ष्य केलं होतं, असं त्यात होतं. त्यात देशातल्या पाच प्रादेशिक लोड डिस्पॅच सेंटर्सपैकी चार होती. गलवानच्या संघर्षाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मात्र या घुसखोरीमुळेच मुंबईची वीज गेली, हे सिद्ध झालेलं नाही, असं त्याच कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं.

१ मार्च २०२१ ला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरचा अहवाल मांडला. वीज यंत्रणेच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन हॉर्स घुसवले गेले असावेत, ८ जीबी बेहिशेबी डेटा बाहेरच्या सर्व्हरवरून आला असावा, घातपाताची शक्यता आहे, असं ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं, की वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही.

म्हणजे घटना एक, राज्य सरकारचं उत्तर एक आणि केंद्राचं दुसरं. आजही दोन माणसांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतील.

आमच्या कामात सर्व्हर पडला की आम्ही पहिल्यांदा टाइमलाइन लिहितो. किती वाजता काय झालं, कोणत्या लॉगमध्ये काय दिसतंय. टाइमलाइनवर सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कारणावर चर्चा सुरूच करत नाही. कारण तसं केलं नाही, तर प्रत्येक टीम आपल्या सोयीचं कारण सांगते. देशाचंही तेच होतं. उत्तर धूसर राहिलं की दोघांचा फायदा होतो. हल्ला खरंच झाला असेल तर हल्लेखोर नामानिराळा राहतो. हल्ला झालाच नसेल तर 'शत्रूने केलं' म्हणून कोणाचा तरी निष्काळजीपणा झाकला जातो. नुकसान फक्त लोकांचं.

आता हाच प्रश्न एका अगदी छोट्या देशापुढे ठेवून पाहू.

एस्टोनिया: आपल्या शहराएवढा देश

२०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. रशियाला लागून असलेल्या एस्टोनिया या अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख आहे. म्हणजे आपलं शहर आणि बाजूचे एक-दोन तालुके धरले की झाला देश.

एप्रिल २००७ मध्ये तिथल्या सरकारने राजधानी टॅलिनच्या मध्यवर्ती भागातला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवून लष्करी स्मशानभूमीत नेला. देशातल्या रशियन भाषिकांमध्ये संताप उसळला, दंगल झाली. मॉस्कोतल्या एस्टोनियन वकिलातीला निदर्शकांनी घेरलं. आणि २७ एप्रिलपासून सुमारे तीन आठवडे सरकारी वेबसाइट, वर्तमानपत्रं, बँका यांच्यावर डीडॉस हल्ले झाले. डीडॉस म्हणजे हजारो कॉम्प्युटरवरून एकाच वेळी इतक्या रिक्वेस्ट पाठवायच्या, की सर्व्हर गुदमरून पडेल. तेव्हाच बहुतेक एस्टोनियन लोक बँकेचे व्यवहार ऑनलाइन करत होते. आपल्याकडे आज दोन-तीन आठवडे यूपीआय अधूनमधून बंद पडत राहिलं तर काय होईल, तसं.

सरकारने थेट क्रेमलिनकडे बोट दाखवलं. पण ठोस पुरावा देता आला नाही, आणि रशियाने तपासात मदत नाकारली. शेवटी शिक्षा झाली ती एस्टोनियातल्याच एका विद्यार्थ्याला, तीही दंडाची.

एस्टोनिया २००४ पासून नाटोचा सदस्य होता. नाटोच्या करारातलं कलम ५ सांगतं, की एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला. पण पडलेली वेबसाइट म्हणजे सशस्त्र हल्ला का? तेव्हा याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. कलम ५ वापरलं गेलं नाही.

मग आघाडीचा उपयोग काय झाला? तो हळूहळू दिसला, आणि वेगवेगळ्या रूपांत.

पहिली मदत: एकत्र नाव घेणं

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला. लक्ष्य युक्रेन होतं, पण व्हायरसला सीमा कळत नाही. तो मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरात, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. वाळूज-शेंद्र्याचा माल परदेशी जातो तो याच बंदरातून. कोणाचं तरी युद्ध, आणि कंटेनर अडकले आपल्याकडे.

मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर पुन्हा उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कचा एक महत्त्वाचा भाग वाचला तो घानामधल्या ऑफिसमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. लोडशेडिंगचा असा फायदा पहिल्यांदाच ऐकला असेल!

इथे लक्षात घ्यायची गोष्ट पुढे घडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने रशियन लष्कराचं नाव घेतलं. डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, एस्टोनिया, लिथुएनिया अशा देशांनीही तेच म्हटलं. २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. २००७ मध्ये एकटा एस्टोनिया ओरडला, तेव्हा तो 'छोट्या देशाचा कांगावा' ठरवता आला. दहा वर्षांनी अनेक देशांनी आपापल्या गुप्तचर माहितीवरून तेच नाव घेतलं, तेव्हा नाकारणं अवघड झालं.

अल्बेनियाचं उदाहरणही बघा. लोकसंख्या तीस लाखांच्या आत, २००९ पासून नाटोत. २०२२ मध्ये त्यांनी बहुतेक सरकारी सेवा ऑनलाइन केल्या आणि त्याच जुलैत सरकारी यंत्रणेवर मोठा सायबर हल्ला झाला. मदतीला अमेरिकन तज्ज्ञ आले. तपासाअंती अल्बेनियाने इराणचं नाव घेतलं आणि सप्टेंबरमध्ये इराणशी राजनैतिक संबंधच तोडले. नाटोने अल्बेनियाला पाठिंबा दिला, अमेरिकेने इराणच्या गुप्तचर मंत्रालयावर निर्बंध लावले. लगेच अल्बेनियाच्या पोलीस यंत्रणेवर आणखी एक हल्ला झाला, हेही खरं. पण इतका छोटा देश इराणचं नाव ठामपणे घेऊ शकला, कारण तपास करायला आणि नंतर पाठीशी उभं राहायला कोणीतरी होतं.

दुसरी मदत: स्पेअर व्हील

एस्टोनियाने आपल्या महत्त्वाच्या सरकारी डेटाची प्रत लक्झेंबर्गमधल्या डेटा सेंटरमध्ये ठेवली आहे. त्याला 'डेटा एम्बसी' म्हणतात. २०१७ मध्ये करार झाला. जागा लक्झेंबर्गची, पण आतल्या सर्व्हरवर अधिकार एस्टोनियाचा, वकिलातीसारखा. उद्या टॅलिनमधले सगळे सर्व्हर गेले, तरी जमिनीच्या नोंदी, कायदे, लोकांची माहिती शिल्लक राहील. तुम्ही फोनचे फोटो क्लाउडवर ठेवता ना, तसं. फक्त इथे देशाचा सातबारा आहे.

विजेचंही तसंच. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया हे तीन देश सोव्हिएत काळापासून रशियाच्या ग्रिडला जोडलेले होते. म्हणजे बटण दुसऱ्याच्या हातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी ती जोडणी तोडली आणि युरोपच्या ग्रिडला जोडून घेतलं. हे नाटोचं काम नव्हतं, युरोपीय संघाच्या मदतीने झालं. पण मुद्दा तोच आहे. मित्र म्हणजे बॅकअप.

तिसरी मदत: आधीच केलेली तालीम

२००७ च्या हल्ल्यानंतर वर्षभरात, मे २००८ मध्ये, टॅलिनमध्ये नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र उभं राहिलं. ज्याच्यावर हल्ला झाला, त्याच्याच गावात शाळा काढली! हे केंद्र २०१० पासून 'लॉक्ड शील्ड्स' नावाचा सराव घेतं. एका काल्पनिक देशाची वीज, पाणी, बँका यांच्यावर खरेखुरे हल्ले होतात आणि वेगवेगळ्या देशांच्या टीम त्या वाचवतात. यातून कोणाला फोन करायचा, कोणता लॉग मागायचा, पत्रकारांना काय सांगायचं, हे आधीच पाठ होतं. २०१४ मध्ये नाटोने मान्य केलं, की सायबर हल्ल्यावरूनही कलम ५ लागू होऊ शकतं. २०१६ मध्ये संकरित हल्ल्यांबाबतही तेच ठरलं.

आघाडीला जमत नाही असं काय?

आता दुसरी बाजू. कलम ५ म्हणजे अलार्म दाबला की सैन्य आलं, असं नाही. सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. आज ते ३२ आहेत. त्यानंतरही काय करायचं, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. आजवर हे कलम एकदाच वापरलं गेलंय, अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. संकरित हल्ला करणारा नेमका याच रेषेच्या खाली खेळतो.

२५ डिसेंबर २०२४ ला फिनलंड आणि एस्टोनियामधली समुद्राखालची वीजवाहिनी तुटली. 'ईगल एस' या टँकरने नांगर समुद्रतळावरून ओढत नेला, असा संशय होता. फिनलंडने जहाज ताब्यात घेतलं. नाटोने जानेवारी २०२५ मध्ये बाल्टिक समुद्रात खास गस्त सुरू केली. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने, हे प्रकरण आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही, असं म्हणून खटला निकाली काढला. गस्त घालता आली, पण दोष सिद्ध करता आला नाही.

आणि आघाडी फुकट नसते. हे समजायला युरोपात जायची गरज नाही, आपली छावणी पुरे. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून हरल्यावर निजामाने १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. संरक्षण कंपनीचं, खर्च निजामाचा, आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीच्या मर्जीने. पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौजही त्याच्याच खर्चाने पोसली गेली. तिच्या तुकड्या आपल्या शहरातही होत्या. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावं लागलं. रक्षण करणाऱ्याचं बिल भरता भरता प्रांत गेला.

म्हणून कोणतीही आघाडी पाहताना तीन प्रश्न विचारायचे. निर्णयात छोट्याचं मत मोजलं जातं का? त्याला बाहेर पडता येतं का? आणि मित्राने दिलेल्या यंत्रणेची किल्ली कोणाकडे आहे? एस्टोनियाला नाटोत मत आहे आणि लक्झेंबर्गमधल्या सर्व्हरची किल्ली त्याच्याकडेच आहे. निजामाकडे यातलं काहीच नव्हतं.

मग आपलं काय?

भारत कोणत्याही लष्करी आघाडीत नाही. क्वाडही लष्करी आघाडी नाही. आपण एवढे मोठे आहोत, की सगळ्यांना वाटतं आपल्याला गरजही नाही. पण देश मोठा असला तरी देशातली प्रत्येक संस्था मोठी नसते.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने सांगितलं, की त्या काळात भारतातल्या यंत्रणांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ल्यांचे प्रयत्न झाले, त्यातले १५० यशस्वी ठरले. यशस्वी हल्ल्यांत एक नाव होतं कुळगाव-बदलापूर नगर परिषदेच्या वेबसाइटचं. संकरित युद्धात नगर परिषद म्हणजे एक छोटा देशच. तिच्याकडे ना सायबर टीम, ना चोवीस तास लक्ष ठेवणारं कोणी. आपल्या शहराचं पाणी जायकवाडीहून पंपाने चढून येतं. शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक तर स्मार्ट सिटी म्हणूनच बांधलं गेलंय. जितकं स्मार्ट, तितके दरवाजे जास्त.

टॅलिनचा धडा इथे लागू पडतो. नगर परिषद, महापालिका, वीज कंपन्या, राज्य आणि केंद्र ही आपली घरातली आघाडी आहे. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये नियम केलाय, की सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. कागदावर हे उत्तम आहे. पण मुंबईसारखी घटना पुन्हा घडली, तर राज्य आणि केंद्र एकाच टाइमलाइनवर सही करतील का? ते झालं नाही, तर बाहेरचे कितीही मित्र जोडले तरी पहिला प्रश्न तसाच राहील. हे केलं कोणी?

आणि शेवटची कडी म्हणजे आपला फोन. एस्टोनियात सर्व्हर वाचवायला देशोदेशीचे इंजिनिअर आले, पण फॅमिली ग्रुपमध्ये नाटो येत नाही. तिथे आपणच आहोत. युद्धाच्या दिवसांत मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी पीआयबी फॅक्ट चेक बघा. खरंच फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. घरातल्या मोठ्यांना चेष्टा न करता समजावून सांगा.

मामाला त्या रात्री मी तासभर हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि खिशातून पाचशेच्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. म्हणाला, "ते सगळं खरं रे. पण तुझं उत्तर माझ्या आधी आलं असतं, तर मी गेलोच नसतो."

आता त्या ग्रुपवर आम्हा चार भावंडांचं ठरलंय. असा मेसेज आला, की ज्याला आधी दिसेल त्याने तपासून दहा मिनिटांत उत्तर टाकायचं.